सदुसष्ट मतांचं गणित: एव्हरेट डर्कसन आणि १९६४चा नागरी हक्क कायदा

१९६४च्या अमेरिकन सिनेटमध्ये १०० पैकी ६७ जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे होत्या. सगळे सदस्य हजर असतील तर चर्चा बंद करून मतदान घ्यायलाही ६७च मतं लागत होती. कागदावर प्रश्न सुटलेला दिसतो. प्रत्यक्षात याच सिनेटमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचं नागरी हक्क विधेयक अडकून पडलं आणि त्याची किल्ली विरोधी पक्षनेत्याच्या हाती गेली. हा नेता म्हणजे इलिनॉय राज्याचे रिपब्लिकन सिनेटर एव्हरेट मॅकिन्ली डर्कसन. केंद्र सरकारचे हात फार लांब पोहोचू नयेत असं आयुष्यभर मानणारा हा परंपरावादी माणूस. त्याच्या पक्षाच्या जागा जेमतेम ३३.

डेमोक्रॅट एकसंध नव्हते, हे अडचणीचं मूळ. दक्षिणेतले १८ डेमोक्रॅट सिनेटर विधेयक हाणून पाडायला बसले होते आणि टेक्सासचे रिपब्लिकन जॉन टॉवर त्यांच्या सोबतीला होते. याशिवाय काही डेमोक्रॅट असे होते की विधेयकाला मत देतील, पण चर्चा तोडायला हात वर करणार नाहीत. छोट्या राज्यांच्या सिनेटरांना अमर्याद चर्चेचा हक्क हे आपलं शेवटचं हत्यार वाटायचं. सगळी वजाबाकी झाल्यावर डेमोक्रॅटिक बाजूने भरवशाची मतं उरत होती ४४च्या आसपास. म्हणजे ३३ रिपब्लिकनांपैकी किमान २३ जण हवेत.

इथे भारतीय वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आपल्याकडे १९८५पासून दहाव्या अनुसूचीमुळे पक्षादेश मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. अमेरिकेत असलं काही नाही. तिथला पक्षनेता आपल्या सदस्याला फार तर समजावू शकतो, समितीतली जागा मिळवून देऊ शकतो, किंवा विधेयकाचा मजकूर त्याला पचेल असा करून देऊ शकतो. तेवीस मतं आणायची म्हणजे तेवीस वेगवेगळ्या माणसांशी तेवीस वेगवेगळे व्यवहार.

माणूस आणि त्याची रीत

डर्कसन यांचा जन्म ४ जानेवारी १८९६ रोजी इलिनॉयमधल्या पीकिन गावचा. आईवडील जर्मनीतून आलेले आणि कट्टर रिपब्लिकन. मुलांची नावंही त्यांनी पक्षाच्या पुढाऱ्यांवरून ठेवली: एकाच्या नावात मॅकिन्ली, जुळ्या भावाच्या नावात टॉमस रीड, तिसऱ्याच्या नावात बेंजामिन हॅरिसन. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तोफखान्यात नोकरी, परतल्यावर भावांबरोबर बेकरी, मग गावच्या कारभारात पद. १९३०मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत हार. १९३२मध्ये रूझवेल्ट यांच्या लाटेतही रिपब्लिकन म्हणून ते प्रतिनिधीगृहात निवडून आले आणि १६ वर्षं तिथे राहिले. डोळ्यांचा विकार इतका बळावला की उजवा डोळा काढायचा सल्ला मिळाला. तो त्यांनी मानला नाही, पण १९४८ची निवडणूक सोडली. दृष्टी सुधारली, आणि १९५०मध्ये त्यांनी सिनेटमधले बहुमताचे नेते स्कॉट लुकास यांनाच पाडलं. १९५२च्या पक्षाच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी ते परंपरावादी रॉबर्ट टाफ्ट यांच्या बाजूने उभे राहिले. १९५४मध्ये कम्युनिस्टविरोधी मोहीम चालवणारे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या निषेधाच्या ठरावाविरुद्ध मत दिलं. १९५९पासून ते अल्पमतातल्या रिपब्लिकनांचे नेते झाले.

खर्जातला, घोळवून बोलणारा आवाज, विस्कटलेले केस आणि नाटकी भाषण. वर्तमानपत्रांनी त्यांची थट्टा भरपूर केली. झेंडूला राष्ट्रीय फुलाचा मान द्यावा म्हणून ते सिनेटमध्ये खटपट करत राहिले (हो, आपला दसऱ्याचा झेंडूच, मान शेवटी १९८६मध्ये गुलाबाला मिळाला). या गमतीमुळे त्यांना हलकं लेखणं सोपं होतं, आणि तसं लेखणाऱ्यांची फसगत व्हायची.

त्यांची खरी रीत १९६३मध्ये दिसली होती. अणुचाचणी बंदी कराराविषयी त्यांनी आधी जाहीर शंका काढल्या. मग वेळ घेतला, आपल्या सदस्यांना धास्ती वाटणाऱ्या मुद्द्यांवर राष्ट्राध्यक्ष केनेडींकडून लेखी आश्वासन मिळवलं आणि शेवटी करारासाठी मोठं भाषण केलं. करार ८० विरुद्ध १९ मतांनी मंजूर झाला. आधी विरोध, मग सौदा, मग जाहीर पाठिंबा. टीकाकारांनी याला कोलांटउडी म्हटलं. मला ती पद्धत वाटते, कारण पहिल्या दिवशीच होकार देणाऱ्या नेत्याच्या हाती मजकूर बदलण्याची ताकद उरत नाही, आणि मजकूर बदलल्याशिवाय त्याचे सदस्य त्याच्यामागे येत नाहीत.

विधेयक सिनेटच्या दारात

केनेडींनी विधेयक पाठवलं १९ जून १९६३ला; नोव्हेंबरात त्यांची हत्या झाल्यावर ते जॉन्सन यांच्याकडे आलं. प्रतिनिधीगृहात न्यायविषयक समितीचे अध्यक्ष इमॅन्युएल सेलर आणि समितीतले ज्येष्ठ रिपब्लिकन, ओहायोचे विल्यम मॅकलक, यांनी ते एकत्र बांधलं. मॅकलक हेही परंपरावादीच. त्यांनी एक अट घातली होती: सिनेटमध्ये मतं मिळवण्यासाठी विधेयक पातळ करायचं नाही. १९५७मध्ये तसं घडलेलं त्यांनी पाहिलं होतं. १० फेब्रुवारी १९६४ रोजी प्रतिनिधीगृहाने एच. आर. ७१५२ हे विधेयक २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर केलं. त्यात १३८ रिपब्लिकन होते. डर्कसन यांना पुढे जे काही बदलायचं होतं, ते मॅकलक यांना चालेल इतपतच बदलता येणार होतं. वर्णनांमध्ये ही मर्यादा अनेकदा सुटते.

सिनेटमध्ये पहिला धोका समितीचा. न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड. नागरी हक्कांची विधेयकं त्यांच्या समितीत गेली की बाहेर यायची नाहीत. म्हणून बहुमताचे नेते माइक मॅन्सफिल्ड यांनी २६ फेब्रुवारीला विधेयक समितीला वळसा घालून थेट कामकाजाच्या यादीत घेतलं; मतदान ५४ विरुद्ध ३७. मग विधेयक चर्चेला घ्यावं की नाही यावरच भाषणं सुरू झाली. तो प्रस्ताव २६ मार्चला ६७ विरुद्ध १७ मतांनी मंजूर झाला आणि ३० मार्चला मूळ विधेयकावरची लढाई सुरू झाली.

दक्षिणी गटाचे सेनापती होते जॉर्जियाचे रिचर्ड रसेल. १८ जणांच्या त्यांनी तीन तुकड्या केल्या, प्रत्येकी सहाच्या. एक तुकडी बोलते, दोन विश्रांती घेतात. बोलणाऱ्याला दम हवा असेल तेव्हा कुणीतरी गणपूर्तीचा मुद्दा काढायचा. सभागृहात ५१ सदस्य दिसेपर्यंत कामकाज ठप्प, तेवढ्यात वक्ता पाणी पिऊन येतो. गणपूर्ती झालीच नाही तर सभागृह तहकूब करावं लागतं आणि त्याचा दुहेरी तोटा होतो. सिनेटच्या नियमानुसार एका ‘वैधानिक दिवसात’ एका प्रश्नावर एक सदस्य दोनदाच बोलू शकतो. तहकुबीने तो दिवस संपतो, नवा उजाडतो आणि विरोधकांना दोन नव्या भाषणांचा हक्क मिळतो. म्हणून मॅन्सफिल्ड सायंकाळी सभागृह तहकूब करत नसत, फक्त विराम घेत. घड्याळाप्रमाणे दिवस बदलायचा, सिनेटचा ‘दिवस’ तोच चालू राहायचा.

गणपूर्तीसाठी विधेयकाचे सूत्रधार ह्युबर्ट हम्फ्री यांनी रोजची हजेरीच लावली: ३६ डेमोक्रॅट ते आणणार, १५ रिपब्लिकन कॅलिफोर्नियाचे थॉमस कुकेल आणणार. बेरीज बरोबर ५१. एप्रिलच्या सुरुवातीच्या एका शनिवारी ही व्यवस्था कोसळली. गणपूर्ती झाली नाही, आणि त्या दिवशी गैरहजर असणाऱ्यांची चांगलीच खरडपट्टी निघाली. पुढे हजेरी सांभाळली गेली. १९६०मध्ये रात्रंदिवस बैठका घेऊन विरोधकांना थकवायचा प्रयत्न फसला होता. थकले ते विधेयकाचे समर्थक, कारण ५१ जणांना तयार ठेवायची जबाबदारी त्यांचीच. मॅन्सफिल्ड यांनी या वेळी तो मार्ग सुरुवातीपासूनच बाजूला ठेवला.

जॉन्सन यांनी हम्फ्रींना दिलेला सल्ला साधा होता: डर्कसनशिवाय विधेयक होणार नाही, त्यांना श्रेयाचा वाटा द्या आणि ते कायम मोठे दिसतील असं बघा. हम्फ्रींनी तो अक्षरशः पाळला. डर्कसन विधेयकाविरुद्ध बोलत होते त्या दिवसांतही हे गृहस्थ दूरचित्रवाणीवर त्यांच्या देशप्रेमाचं कौतुक करत होते. बैठका डर्कसनांच्याच दालनात भरायच्या, हेही ठरवून.

डर्कसन यांना काय खटकत होतं

विधेयकातली दोन प्रकरणं, म्हणजे दोन भाग. दुसरं प्रकरण हॉटेलं, उपाहारगृहं, चित्रपटगृहं यांत वर्णभेदाला बंदी घालणारं होतं. सातवं नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध होतं आणि त्यासाठी नवा समान रोजगार संधी आयोग उभा राहणार होता. भेदभाव चुकीचा हे त्यांना मान्य होतं. १९५७ आणि १९६०च्या नागरी हक्क कायद्यांना त्यांनी मत दिलं होतं. पण खासगी मालकाच्या दुकानात केंद्राचा वकील शिरणार, ही कल्पना त्यांना झोंबत होती. शिवाय इलिनॉयने १९६१मध्येच नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध स्वतःचा कायदा केला होता. मग एकाच तक्रारीसाठी कारखानदाराने राज्याच्या आयोगापुढेही उभं राहायचं आणि केंद्राच्याही? मध्य-पश्चिमेतल्या रिपब्लिकनांना हाच प्रश्न सतावत होता.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांनी सातव्या प्रकरणावरच्या सुमारे ४० दुरुस्त्या पक्षाच्या बैठकीत मांडल्या. हा डाव अंगाशी आला. पक्षातल्या उदारमतवादी सिनेटरांनी आयोगाचे दातच काढले जाताहेत म्हणून आवाज उठवला. डर्कसन यांनी यादी छाटली आणि थोड्याच दुरुस्त्या रीतसर दाखल केल्या. एप्रिलअखेर ते थेट जॉन्सन यांच्याकडे गेले. जॉन्सन यांनी वाटाघाटी करायला नकार देऊन त्यांना हम्फ्री आणि न्याय खात्याकडे बोट दाखवलं. दोघांनाही आता टेबलावर बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बैठका ५ मेपासून सुरू झाल्या. एका बाजूला महान्यायवादी रॉबर्ट केनेडी, त्यांचे सहकारी निकोलस कॅट्झनबाख आणि बर्क मार्शल, हम्फ्री आणि मॅन्सफिल्ड. दुसऱ्या बाजूला डर्कसन आणि ‘डर्कसनचे बाँबर’ म्हणून ओळखले जाणारे त्यांचे तीन वकील. पाटीवर ओळ घेऊन तिचा कीस काढायचा असं काम. १३ मेपर्यंत तत्त्वतः समझोता झाला आणि २६ मेला डर्कसन, मॅन्सफिल्ड, हम्फ्री आणि कुकेल या चौघांच्या नावाने पर्यायी मसुदा सादर झाला.

या मसुद्यात बदललं काय, ते नीट पाहण्यासारखं आहे. मनाई केलेली कृत्यं जवळपास जशीच्या तशी राहिली. बदलला तो तक्रारीचा रस्ता.

प्रतिनिधीगृहाच्या मसुद्यात आयोग स्वतः न्यायालयात दावा लावू शकत होता. पर्यायी मसुद्यात तो अधिकार गेला. आयोगाने चौकशी करायची, समेट घडवायचा, आणि जमलं नाही तर तक्रारदाराला तसं कळवायचं. मग ३० दिवसांत तक्रारदारानेच दावा लावायचा. गरीब तक्रारदार वकील कुठून आणणार, म्हणून न्यायालयाने वकील नेमून द्यावा आणि शुल्क माफ करावं अशी सोय जोडली. ज्या राज्यात स्वतःचा भेदभावविरोधी कायदा आणि यंत्रणा आहे तिथे नोकरीच्या तक्रारीत आधी राज्याला ६० दिवस, उपाहारगृहासारख्या ठिकाणांच्या तक्रारीत ३० दिवस. महान्यायवादी स्वतः उतरू शकतील, पण भेदभाव ही तिथली रीत किंवा पद्धतच असेल तर; एकट्यादुकट्या घटनेत नाही. आणि कर्मचाऱ्यांमधलं वर्णाचं प्रमाण जुळवण्यासाठी मालकाने कुणाला प्राधान्य द्यावं असं या कायद्यामुळे बंधन येणार नाही, असं कलम स्पष्ट शब्दांत घातलं गेलं.

यातली मेख राज्याला मिळणाऱ्या मुदतीत आहे. शिकागोतल्या कामगाराची तक्रार आधी इलिनॉयच्या आयोगाकडे जाणार, त्यामुळे तिथला मालक ६० दिवस केंद्रापासून सुरक्षित. मिसिसिपीत असा कायदाच नव्हता, म्हणून मुदतही नाही. तक्रार सरळ केंद्राकडे. सवलत दिसायला सगळ्या देशाला होती, लाभ उत्तरेला आणि मध्य-पश्चिमेला. रसेल यांच्या ते लगेच ध्यानात आलं. हा मसुदा आता फक्त दक्षिणेवर रोखलेला आहे अशी तक्रार त्यांनी केली, आणि त्यात तथ्य होतं. डर्कसन यांना ज्या तेवीस मतांची गरज होती त्यांतली बरीचशी अशा राज्यांतली होती जिथे हा कायदा आता फारसा टोचणार नव्हता.

घरातलं बंड

जूनच्या सुरुवातीला सौदा मोडता मोडता राहिला. पक्षाच्या धोरण समितीचे अध्यक्ष, आयोवाचे बर्क हिकेनलूपर, नाराज झाले. मसुदा बंद दाराआड ठरला, डर्कसन एकटे प्रकाशात, आणि बाकीच्यांनी मागून सह्या करायच्या, हा त्यांचा राग. त्यांच्यामागे मध्य-पश्चिमेतली आणि डोंगराळ राज्यांमधली मतं होती. त्यांनी मागणी केली की चर्चाबंदीच्या ठरावाआधी तीन दुरुस्त्यांवर मतदान घ्या. रसेल यांना हे रोखावंसं वाटलं, पण रिपब्लिकनांची दुरुस्ती अडवली तर ते दुखावणार. हम्फ्रींनी उलट लगेच होकार दिला आणि चर्चाबंदीचं मतदान बुधवारवर ढकललं.

मंगळवारी, ९ जूनला, तिन्ही दुरुस्त्या मतदानाला आल्या. हिकेनलूपर यांची शाळांविषयीची दुरुस्ती ४० विरुद्ध ५६ अशी पडली. नॉरिस कॉटन यांना सातवं प्रकरण १००हून अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांपुरतं ठेवायचं होतं. तीही ३४ विरुद्ध ६३ अशी पडली. केंटकीचे थ्रस्टन मॉर्टन यांची, न्यायालयाच्या अवमानाच्या फौजदारी खटल्यात ज्यूरीचा हक्क देणारी, ५१ विरुद्ध ४८ अशी पार झाली. तीनांत एक जिंकले, दोन हरले; पण आपलं ऐकलं गेलं हे हिकेनलूपर यांना पुरेसं होतं. त्यांच्यासह त्या गटातली बरीच मतं चर्चाबंदीच्या बाजूला आली. एका दिवसाच्या उशिरात केवढी मतं वाचली!

१० जून

चर्चाबंदीचा अर्ज सोमवारी, ८ जूनला दाखल झाला होता. नियम असा की १६ सिनेटरांच्या सह्या हव्यात आणि मधला एक दिवस सोडून, बैठक सुरू झाल्यावर तासाभराने मतदान. आदल्या संध्याकाळपासून वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड बोलत होते. १४ तास १३ मिनिटांनी, सकाळी ९ वाजून ५१ मिनिटांनी ते थांबले. शेवटचं भाषण डर्कसन यांचं. व्हिक्टर ह्यूगो यांच्या नावावर सांगितलं जाणारं वचन त्यांनी घेतलं: ज्या विचाराची वेळ आली आहे तो सगळ्या सैन्यांहून बलवान असतो. प्रकृती बरी नव्हती, तरी आवाजात कुठे उणं पडलं नाही.

नावं पुकारायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूच्या गाठीमुळे बोलता येत नव्हतं. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. नाव आल्यावर त्यांनी हाताने डोळ्याकडे खूण केली. इंग्रजीत डोळा आणि होकार यांचा उच्चार एकच. मत नोंदलं गेलं. ६७वं मत पडलं डेलावेअरचे रिपब्लिकन जॉन विल्यम्स यांचं. ॲरिझोनाचे वयोवृद्ध डेमोक्रॅट कार्ल हेडन बाजूच्या खोलीत थांबले होते. त्यांनी आयुष्यात चर्चाबंदीला मत दिलं नव्हतं. गरज पडली तरच देणार होते. आकडा पार झाल्याचं मॅन्सफिल्ड यांनी सांगितलं, तेव्हा ते आत येऊन विरुद्ध मत देऊन गेले.

अंतिम आकडा ७१ विरुद्ध २९: ४४ डेमोक्रॅट आणि २७ रिपब्लिकन. नागरी हक्कांच्या विधेयकावर सिनेटने चर्चाबंदी मंजूर करण्याची ही पहिलीच वेळ. १९ जूनला, केनेडींच्या संदेशाला नेमकं वर्ष होताना, विधेयक ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झालं. मॅकलक यांना सिनेटचा मसुदा चालला. २ जुलैला प्रतिनिधीगृहाने तो जसाच्या तसा २८९ विरुद्ध १२६ मतांनी स्वीकारला आणि त्याच संध्याकाळी जॉन्सन यांनी सही केली.

कुठे काय चुकलं

सर्वात मोठी चूक रसेल यांची. एप्रिल-मेमध्ये त्यांनी दुरुस्त्यांवर मतदान होऊ दिलं असतं तर काही दुरुस्त्या नक्की पार झाल्या असत्या आणि विधेयक कमजोर झालं असतं. त्यांनी सगळंच अडवून धरलं, कारण डर्कसन यांना तेवीस मतं जमणार नाहीत असा त्यांचा हिशेब होता. त्यामुळे दुरुस्त्या करायचं काम सभागृहातून डर्कसनांच्या दालनात गेलं आणि तिथे दक्षिणेचा कुणीच नव्हता.

विरोधात गेलेल्या सहा रिपब्लिकनांत बॅरी गोल्डवॉटर होते. डर्कसन यांनी त्यांचं मन वळवायचा प्रयत्न केला होता, तो फळला नाही. महिन्याभरात सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदासाठी गोल्डवॉटर यांचं नाव सुचवायला उभे राहिले ते डर्कसनच. अनेकांना यात विसंगती दिसते. डर्कसन यांच्या लेखी पक्ष हा पक्ष होता आणि मसुदा हा मसुदा.

सौद्याची किंमत तक्रारदारांनी मोजली. दावा लावायचा अधिकार नसलेला आयोग पत्रव्यवहार आणि समेटातच अडकला. तक्रारी साचत गेल्या, आणि ज्यांच्याकडे वकील किंवा संघटना होती तेच न्यायालयापर्यंत पोहोचले. कायदा लागू होण्याची मर्यादाही टप्प्याटप्प्याने उतरायची होती: पहिल्या वर्षी १०० कर्मचारी, मग ७५, मग ५०, शेवटी २५. आयोगाला न्यायालयात जाण्याचा हक्क १९७२च्या दुरुस्तीने मिळाला. मर्यादाही त्याच वेळी १५वर आली.

डर्कसन यांनी हीच पद्धत पुन्हा वापरली. १९६५च्या मतदान हक्क कायद्याचा मसुदा घडवण्यात ते सुरुवातीपासून होते. चर्चाबंदी ७० विरुद्ध ३०. घरांच्या विक्रीतल्या भेदभावाला बंदी घालायची वेळ आली तेव्हा मात्र १९६६मध्ये ते विरोधात उभे राहिले आणि त्यांच्याशिवाय चर्चाबंदीचे दोन्ही प्रयत्न पडले. १९६८मध्ये ते वळले. या वेळची किंमत अशी: दलालाशिवाय स्वतःचं एकटं घर विकणारा मालक कायद्यातून सुटला आणि केंद्राच्या गृहनिर्माण खात्याला फक्त समेटाचा अधिकार राहिला. ४ मार्च १९६८ रोजी, चौथ्या प्रयत्नात, ६५ विरुद्ध ३२ मतांनी चर्चाबंदी झाली. फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियेनंतर ७ सप्टेंबर १९६९ला डर्कसन वारले. गृहनिर्माण खात्याला अंमलबजावणीचे खरे अधिकार मिळायला १९८८ उजाडलं.